पळसावरचा शिंजीर: फाइन लाइन टॅटूचं डिझाइन बसवताना

घरात सत्तरीच्या पुढची आजी असेल तर तिच्या हातावरचं गोंदण एकदा उजेडात नीट बघा. तुळशीवृंदावन, विंचू, ठिपक्यांची रांग, मनगटाजवळ नाव. गोंदलं तेव्हा ते काळंभोर होतं, आज हिरवट-निळं झालंय. रेघ पसरलीय, कडा धूसर झाल्यात. तरी विंचू ओळखू येतो, कारण नांग्यांच्या मध्ये आणि शेपटीच्या वळणात भरपूर जागा सोडली होती. जिथे दोन रेघा खेटून काढल्या तिथे मात्र नुसता डाग उरलाय. फाइन लाइन, म्हणजे बारीक रेघेच्या, टॅटूचं डिझाइन करायला बसण्याआधी एवढा अभ्यास पुरतो.

मशीनने काढलेली रेघसुद्धा तशीच पसरते, फक्त कमी आणि सावकाश. शाईचे कण त्वचेच्या आतल्या थरात पेशींनी धरून ठेवलेले असतात. पेशी मरतात, नव्या येतात, कण पुन्हा धरले जातात आणि या देवाणघेवाणीत थोडे थोडे सरकतात. काढली तेव्हा अर्ध्या मिलिमीटरची असलेली रेघ काही वर्षांत पाऊण किंवा एक मिलिमीटरची होते असं धरूनच चालायचं. म्हणून शेजारच्या दोन रेघांमध्ये निदान दीड मिलिमीटर जागा हवी, दोन असेल तर फारच चांगलं. पुढे जे काही लिहिलंय ते सगळं या दीड मिलिमीटरभोवती फिरतं.

आता पक्षी आणि फूल. इंटरनेटवर ‘फाइन लाइन बर्ड’ शोधलं की हमिंगबर्ड आणि चेरीचा मोहोर येतो. हमिंगबर्ड भारतात नाही. आपल्याकडे त्याच जागी शिंजीर (जांभळा सनबर्ड) आहे, आणि तो फेब्रुवारी-मार्चमध्ये सातपुड्याच्या पायथ्याला, चोपडा-यावलकडे किंवा शिरपूरच्या वर, फुललेल्या पळसावर सहज दिसतो. दोघांची जोडी खरी आहे, कारण पळसाच्या मधासाठी शिंजीर येतोच. पण हमिंगबर्डच्या चित्रावरून शिंजीर काढायला गेलं की चूक होते. शिंजीर क्वचित, थोडा वेळच हवेत तरंगतो. एरवी तो फांदीवर बसतो, मान वाकवतो आणि चोच फुलात घालतो. त्यामुळे पंख पसरलेला, फुलासमोर अधांतरी थांबलेला शिंजीर काढू नये. तो बसलेला असू द्या, अंग पुढे झुकलेलं, शेपटी खाली. डिझाइनच्या दृष्टीनेही हे सोयीचं पडतं: मिटलेल्या पंखाला रेघा कमी लागतात.

शिंजिरात नर काढायचा की मादी, हा प्रश्न बहुतेक जण विचारतच नाहीत. विणीच्या काळातला नर जवळजवळ पूर्ण काळा, उन्हात निळा-जांभळा चमकणारा. ती चमक फाइन लाइनमध्ये येत नाही. आणि अंग काळं भरलं तर बाजूच्या नाजूक फुलाच्या रेघा मार खातात, सगळी नजर त्या काळ्या ठिपक्याकडे जाते. नर विणीचा काळ संपल्यावर रंग बदलतो, खालून पिवळा होतो आणि गळ्यापासून पोटापर्यंत एक गडद पट्टा राहतो. तो काढायला छान आहे, पण पळस फुलतो तेव्हा नर त्या वेषात नसतो. म्हणून पळसावर मादी काढावी हे माझं ठाम मत. वरून मातकट-हिरवी, खालून फिकट पिवळी. म्हणजे रेघेत काढली तर पोट पूर्ण मोकळं सोडता येतं, आणि पाठीवर चार रेघा दिल्या की पक्षी उभा राहतो.

फुलाकडे जरा थांबून बघू, कारण पळसाचं फूल चुकीचं काढलेलं खूप दिसतं. पाच पाकळ्या असल्या तरी ते जास्वंदीसारखं गोल उघडत नाही. एक मोठी पाकळी मागे वळलेली, दोन बाजूच्या लहान, आणि उरलेल्या दोन जुळून पोपटाच्या चोचीसारखी बाकदार नौका होते. त्या बाकामुळेच संस्कृतात त्याला किंशुक म्हणतात, ‘हा पोपट तर नव्हे?’ असं. देठाकडे मखमली, जवळजवळ काळी वाटी. फुलं निष्पर्ण फांदीवर घोसाने येतात. फुलाच्या बहरात झाडावर पानं जवळपास नसतात, तेव्हा ‘पळसाला पानं तीनच’ हे खरं असलं तरी फुललेल्या फांदीवर हिरवी पानं भरू नका. पान हवंच असेल तर एखादं, तीन पर्णिकांचं, आणि लक्षात ठेवा की मधली पर्णिका जवळपास सारखी असते पण बाजूच्या दोन्ही तिरक्या, एका अंगाने फुगलेल्या असतात. तिन्ही सारखी काढली की पान बेलाचं वाटायला लागतं.

प्रमाण खऱ्या पक्ष्यावरूनच ठरवायचं. शिंजीर चोचीपासून शेपटीपर्यंत साधारण १० सेंटिमीटरचा, पळसाचं फूल ५ च्या आसपास. म्हणजे फूल पक्ष्याच्या निम्मं. टॅटूत पक्षी ५ सेंटिमीटरचा केला तर फूल अडीच सेंटिमीटरचं. तीन उघडी फुलं, दोन-तीन कळ्या, एक वाकडी फांदी आणि पक्षी धरून पूर्ण डिझाइन ११-१२ सेंटिमीटर उंच होतं. मोठ्या माणसाच्या हाताच्या आतल्या बाजूला, कोपराच्या घडीपासून मनगटापर्यंत, २२ ते २५ सेंटिमीटर मिळतात आणि सपाट रुंदी ६-७. बरोबर बसतं. ‘छोटंसं, मनगटावर, ३ सेंटिमीटरमध्ये’ असं कोणी मागितलं तर पक्षी आणि फूल दोन्ही त्यात मावत नाहीत, दोन्हीपैकी एक निवडावं लागतं. हे आधीच सांगितलेलं बरं.

५ सेंटिमीटरच्या पक्ष्यात काय काय मावतं ते मोजून बघा. मिटलेल्या पंखाची रुंदी मिळते सुमारे ९ मिलिमीटर. दीड-दीड मिलिमीटर अंतर ठेवलं तर आत पाच रेघा बसतात. खऱ्या पंखात पिसं याहून कितीतरी जास्त असतात, पण टॅटूत पाचच. चोच साधारण १ सेंटिमीटर लांब येते. तिला वरची आणि खालची अशा दोन रेघा टोकापर्यंत ओढल्या तर टोकाला त्यांच्यात अर्धा मिलिमीटरही उरत नाही आणि दोन-तीन वर्षांत चोच काडीसारखी जाड होते. म्हणून वरची रेघ पूर्ण, खालची फक्त मुळाकडच्या तीन-चार मिलिमीटरपुरती. पुढे एकच रेघ, बाक खालच्या बाजूला. डोळा दोन मिलिमीटरचा. त्यात पांढरा चमकठिपका सोडायचा मोह होतो, तो काही काळाने बुजतो. डोळा पूर्ण भरलेला ठिपका ठेवा आणि त्याच्याभोवती मोकळी त्वचा. चमक त्यातूनच येते. पायाची बोटं तीन पुढे, एक मागे, प्रत्येकाला एकच रेघ. पोपटाची बोटं दोन पुढे आणि दोन मागे असतात. संदर्भाचं चित्र पोपटाचं आणि पक्षी शिंजीर अशी सरमिसळ बऱ्याचदा पायातच उघडी पडते.

पाकळ्यांच्या शिरांचंही तसंच. अडीच सेंटिमीटरच्या फुलात मोठ्या पाकळीवर तीन शिरा, नौकेवर दोन. शिर देठाकडून सुरू करायची आणि मधेच सोडून द्यायची, कडेला टेकवायची नाही. पाकळीची कडही सगळीकडून बंद करू नका. जिथे उजेड पडतो असं मानलंय तिथे कड तीन-चार मिलिमीटर तोडा, डोळा ती पूर्ण करून घेतो. सगळ्या कडा बंद असलेलं फूल रंगवायच्या वहीतल्यासारखं दिसतं.

सगळं एकाच जाडीच्या रेघेत काढलं तर चित्र सपाट होतं. फांदी आणि पक्ष्याच्या पोटाची खालची कड ५ आरएल सुईने (आरएल म्हणजे राउंड लाइनर, गोलात जुळवलेल्या सुयांचा जुडगा; आकडा सुयांचा), बाकी बाह्यरेषा ३ आरएलने, शिरा आणि मानेवरची बारीक पिसं हलक्या हाताने ३ आरएलच्याच बारीक तारेच्या सुईने, म्हणजे ०.२५ मिलिमीटरच्या. नेहमीच्या सुयांत तार ०.३० किंवा ०.३५ मिलिमीटरची असते. १ आरएल, म्हणजे एकच सुई, फोटोत फार सुंदर दिसते. पण ती एकतर त्वचा कापते किंवा बरी होताना रेघेत तुटक जागा सोडते. सलग रेघेसाठी ती वापरायची असेल तर हात फार तयार हवा.

कागदावरचं डिझाइन पक्कं झालं की एक परीक्षा घ्या. ते खऱ्या मापात छापा. टॅबवर काढत असाल तर कॅनव्हास सुरुवातीलाच सेंटिमीटरमध्ये आणि ३०० डीपीआयवर ठेवा, कारण मोठं करून काढलेलं चित्र नेहमी जास्त भरलेलं असतं. छापलेल्या कागदावर ट्रेसिंग पेपर ठेवून प्रत्येक रेघ १ मिलिमीटरच्या जाड पेनने गिरवा. मग तो कागद हातभर लांब धरा. पक्षी पक्षी दिसतो का? चोच फुलापासून वेगळी कळते का? जिथे जाड रेघा एकमेकींना चिकटल्या तिथली एक रेघ मूळ चित्रातून काढून टाका. हे गिरवलेलं चित्र म्हणजे दहा वर्षांनंतरचा टॅटू आहे असं समजा. बहुतेक वेळा पहिल्या फेरीत पंखातल्या दोन रेघा आणि फुलांच्या घोसातलं एक फूल उडतं. त्या घोसात तीन फुलं एकमेकांवर चढवली असतील तर मागच्या फुलाची कड पुढच्याच्या कडेपासून दोन मिलिमीटर आधीच थांबवा. ती मोकळी पट्टीच पुढचं-मागचं सांगते, सावली द्यावी लागत नाही.

पळस-शिंजीर नको असेल तर खान्देशात दुसऱ्या जोड्या कमी नाहीत. केळफूल फाइन लाइनला पळसापेक्षा सोपं: खाली झुकलेला लांब देठ, एकावर एक घट्ट बसलेल्या मोठ्या सालींच्या लांब वळणदार रेघा, एखादी साल उघडून तिच्याखाली छोट्या फुलांची ओळ. शिंजीर त्यावरही येतो. रावेर-यावलच्या माणसाला ते फूल समजावून सांगावं लागत नाही. कापसाचं फूल नाजूक आहे, पाच पाकळ्या भिंगरीसारख्या एकमेकींवर चढलेल्या, पण खालच्या तीन दातेरी पानांचे दाते फार बारीक. ४ सेंटिमीटरपेक्षा लहान फुलात ते दोन-तीन मोठ्या दात्यांवर आणावे लागतात. रंग द्यायचा असेल तर हे फूल पहिल्या दिवशी पांढरट-पिवळसर आणि दुसऱ्या दिवशी गुलाबी होतं, त्यामुळे एकाच फांदीवर दोन्ही दाखवता येतात.

आणि रानपिंगळा. १८८४ नंतर या घुबडाचा खात्रीलायक पुरावा नव्हता, नामशेष झाला असंच मानलं जात होतं. शंभराहून जास्त वर्षांनी, नोव्हेंबर १९९७ मध्ये तो शहाद्याजवळच्या जंगलात पुन्हा सापडला. ज्याला खान्देशाचा म्हणावा असा पक्षी हवाय त्याने हाच घ्यावा. पण संदर्भ तपासून. साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके भरपूर असतात. रानपिंगळ्याचं डोकं आणि पाठ जवळपास बिनठिपक्यांची, छातीवर रुंद गडद पट्टे, पोटाचा खालचा भाग पांढरा आणि पाय दणकट, पिसांनी भरलेले. साध्या पिंगळ्याचा फोटो ट्रेस केला तर टॅटू कायमचा चुकीच्या पक्ष्याचा होतो. डोक्यावर ठिपके नसणं हे फाइन लाइनला फायद्याचंच आहे.

जागा ठरवताना हाताच्या आतल्या बाजूला माझी पसंती आहे: त्वचा सपाट, केस कमी, ऊन कमी. कोपराची आणि मनगटाची घडी दोन-दोन सेंटिमीटर टाळा. बोटं, तळहाताची कड आणि पावलाची बाजू यांवरची फाइन लाइन घासून लवकर पुसट होते. हात खाली सोडून उभं राहिल्यावर समोरच्याला पक्षी सुलटा दिसला पाहिजे. स्वतःला सुलटा दिसावा म्हणून अनेक जण उलटा बसवून घेतात आणि मग प्रत्येक फोटोत तो डोक्यावर उभा दिसतो. चोच शरीराच्या दिशेने असावी, बाहेर नाही. तळहात फिरवला की हाताची त्वचा पिळली जाते, म्हणून स्टेन्सिल, म्हणजे कागदावरून त्वचेवर उमटवायची चित्राची छाप, लावताना हात टेबलावर ताणून ठेवू नका. माणूस उभा, हात नैसर्गिक सुटलेला, अशा वेळी लावा. फांदी सरळ उभी काढली तर ती पिळात वाकडी दिसते. आधीच हलकी एस आकाराची ठेवली तर पीळ लपतो.

भरतीची तयारी करणाऱ्या मुलांनी आधी नियम वाचावेत. सैन्यात कायमचा टॅटू कोपराच्या आतल्या बाजूपासून मनगटापर्यंत आणि तळहाताच्या मागच्या बाजूला एवढ्याच ठिकाणी चालतो. आदिवासी उमेदवारांच्या पारंपरिक गोंदणाला सवलत आहे. केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांत तो डाव्या हाताच्या आतल्या बाजूला, म्हणजे सलामी न देणाऱ्या हातावर, किंवा तळहाताच्या मागच्या बाजूला, आणि त्या भागाच्या पाव हिश्शापेक्षा लहान असावा लागतो. कशाचा टॅटू आहे यावरही अट असते. वर दिलेलं १२ सेंटिमीटरचं डिझाइन त्यात बसवायच्या भानगडीत पडू नका, भरती होऊ द्या. रक्तदान करणाऱ्यांनीही हिशेब ठेवावा: टॅटूनंतर १२ महिने रक्त देता येत नाही.

खान्देशात हंगाम फार महत्त्वाचा. मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४५ च्या पुढे जातो. घामाने स्टेन्सिल उतरतं, आणि ताज्या टॅटूवर घाम साचला की खपली ओली राहते. कूलरच्या खोलीत आणखी एक अडचण: त्याची दमट हवा स्टेन्सिल सुकू देत नाही. उन्हाळ्यातच करायचं असेल तर एसीची खोली आणि सकाळची वेळ. पण सगळ्यात चांगला काळ नोव्हेंबर ते फेब्रुवारी. केस नव्या रेझरने काढा, स्पिरिटने पुसा, पूर्ण कोरडं होऊ द्या. स्टेन्सिलचं जेल अगदी पातळ लावायचं, चिकट होईपर्यंत चोळायचं, कागद ठेवून दाबायचा, हलवायचा नाही. काढल्यावर १५ मिनिटं तसंच सुकू द्या. जेल जास्त झालं तर जांभळी रेघ पसरते आणि मग ३ आरएलच्या रेघेला नेमकं कुठून जायचं तेच कळत नाही. अशा वेळी पुसून पुन्हा लावावं. अंदाजाने काढत जाऊ नये.

उजव्या हाताने काम करणाऱ्याने खालच्या उजव्या कोपऱ्यातून सुरुवात करावी, म्हणजे पुसताना वरचं स्टेन्सिल शाबूत राहतं. टिश्यू टेकवून उचलायचा, घासायचा नाही. सुई एक ते दीड मिलिमीटर आत. याहून खोल गेली की शाई पसरून रेघेभोवती निळसर छटा येते, तिला ब्लोआउट म्हणतात, आणि ती पुसता येत नाही. याहून वरवर राहिली तर खपलीबरोबर रेघ निघून जाते. ब्लोआउट बहुतेक वेळा मनगटाजवळच्या पातळ त्वचेवर आणि रेघ जिथे सुरू होते किंवा थांबते तिथे होतो, कारण तिथे हात रेंगाळतो. रेघ टेकवताना आणि उचलताना हात चालूच असला पाहिजे, विमान उतरतं तसा. त्वचा तीन बाजूंनी ताणलेली हवी. सैल त्वचेवर सरळ रेघ थरथरतेच. एकाच रेघेवरून तिसऱ्यांदा जाऊ नका, राहिलेलं टच-अपला, म्हणजे बरं झाल्यावरच्या दुरुस्तीला, बघू.

रंगाबद्दल थोडक्यात. आपल्या गव्हाळ-सावळ्या त्वचेत रंगद्रव्याचा थर शाईच्या वर असतो, म्हणून फिकट राखाडी शेडिंग आणि पिवळा रंग बरा झाल्यावर जवळपास दिसत नाही. पांढऱ्या शाईचाही भरवसा धरू नका. पळसाला रंग हवाच तर फक्त बाकदार नौकेत शेंदरी, आणि देठाची वाटी काळी भरलेली. तेवढ्याने फूल पेटतं. मात्र लाल-शेंदरी रंगांची अ‍ॅलर्जी इतर रंगांपेक्षा जास्त आढळते. आधी कधी त्रास झाला असेल तर काळ्यातच थांबा. ज्यांच्या जखमेचा व्रण उंच, कडक होतो, त्यांनी टॅटूआधी त्वचेच्या डॉक्टरांना विचारावं.

सुईचं पाकीट तुमच्यासमोर फुटलं पाहिजे, त्यावरची मुदत बघा, शाई वेगळ्या टोपणात ओतलेली हवी आणि उरलेली टाकून दिलेली. जत्रेत एकाच सुईने रांगेत गोंदून घेणं म्हणजे कावीळ ब, क आणि एचआयव्हीचा धोका ओढवून घेणं आहे. स्वस्तात पडतं म्हणून इथे तडजोड करू नका.

नंतरचे दोन-तीन आठवडे टॅटू म्हणजे जखमच. सौम्य साबणाने दिवसातून दोनदा धुवा, टिपून कोरडी करा, बिनवासाचं मॉइश्चरायझर अगदी पातळ. जाड थर लावला की खाली ओल साचते आणि बारीक रेघ खपलीबरोबर सैल होते. गोंदणावर हळद लावायची जुनी पद्धत आहे, पण डब्यातली हळद निर्जंतुक नसते, लावू नका. तापीत, विहिरीत, टाक्यात पोहणं बंद. शेतात काम असेल तर कापूस वेचणी, फवारणी आणि केळीची कापणी यांच्या आसपास टॅटू काढूच नका: पऱ्हाटीचे ओरखडे, औषधाचे थेंब आणि केळीचा चीक, तिन्ही ताज्या टॅटूचे वैरी. सैल सुती पूर्ण बाहीचा शर्ट वापरा. सनस्क्रीन खपली पूर्ण गेल्यावरच, एसपीएफ ३० किंवा वर, आणि मग कायम; ऊन जितकं लागेल तितकी बारीक रेघ लवकर फिकी पडते.

सहा आठवड्यांनी टच-अपला बसताना पूर्ण चित्र पुन्हा गिरवायचं नसतं. चोचीचं टोक, पायाची बोटं आणि पाकळीची जिथे रेघ संपते ती टोकं, या तीन ठिकाणी शाई सुटलेली असते. तेवढ्यालाच ३ आरएल लावायची, आणि जिथे कड मुद्दाम तोडली होती ती तशीच राहू द्यायची.